चार हात जमीन



गेल्या महिनाभरात दोघीतिघींनी एकच गोष्ट विचारली. "ताई, घर बांधून झालं, आता समोरची आणि मागची जागा कशी करायची?" हल्ली वास्तुशांतीच्या आधीच माळी येतो आणि मोबाईलवर चित्रं दाखवतो. हिरवळ, कारंजं, पायवाटेला दिवे. चित्रं देखणी असतात, पण बहुतेक थंड हवेच्या गावांतली. आपल्या वर्ध्याला मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, जमीन कपाशीची काळी आणि घर श्रावकाचं. म्हणून आमच्याकडे काय ठरलं आणि का ठरलं, ते सविस्तर लिहिते.

आमचा प्लॉट ४० बाय ६० फुटांचा. घराचं तोंड पश्चिमेला. समोर १८ फूट जागा, मागे १२ फूट. सूनबाईची इच्छा होती की समोर सगळी हिरवळ करावी. तिचं कारणही खोटं नव्हतं. नातू तीन वर्षांचा आहे, फरशीवर पडतो, गुडघे फोडून घेतो. ती म्हणाली, "आई, थोडं हिरवं असलं की घर थंडही राहील." आमचे हे म्हणाले, सगळीकडे सिमेंटचे ठोकळे बसवून टाका, कटकट नको. सासूबाईंना सडा-सारवणाचं अंगण हवं होतं. एका जागेत तीन अंगणं मावेनात.

मी आधी हिशेब मांडला. समोर हिरवळीला ६०० चौरस फूट जागा निघत होती. उन्हाळ्यात तिला दिवसाला फक्त पाच मिलिमीटर पाणी धरलं, तरी २८० लिटरच्या आसपास होतं. म्हणजे पंधरा लिटरच्या अठरा-एकोणीस बादल्या, रोज. शिवाय दर आठ-पंधरा दिवसांनी कापणी, आणि तण व किडीसाठी औषध. हे सगळं कशासाठी, तर दिसायला.

आपल्याकडे या 'कशासाठी'ला फार महत्त्व आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या प्रमादचर्येत काय येतं पाहा. विनाकारण जमीन खणणं, विनाकारण पाणी सांडणं, विनाकारण आग लावणं, विनाकारण झाडपाला तोडणं. बागेतली सगळी कामं एका जागी आली की नाही? तत्त्वार्थसूत्रातही परिग्रहाच्या मर्यादेचे अतिचार सांगताना पहिलं नाव क्षेत्र-वास्तूचं आहे, म्हणजे मोकळ्या जमिनीचं आणि घराचं. सोन्यारुप्याचा नंबर त्यानंतरचा. म्हणजे अंगण-परस हाही आपल्या व्रताचाच विषय आहे.

सूनबाई शिकलेली आहे, तिनं मला सहज सोडलं नाही. म्हणाली, "मग आई, झाडसुद्धा लावायला नको. खड्डा खणला की पृथ्वीकाय, पाणी घातलं की जलकाय. सिमेंटच बरं." प्रश्न बरोबर होता. पण गृहस्थाला सर्व हिंसा सोडायला सांगितलेलीच नाही. संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची. चूल, विहीर, शेत, घर यांत होणारी आरंभी आणि उद्योगी हिंसा टळत नाही, ती यत्नाने कमी करायची. सिमेंटनं जमीन झाकली की हिंसा थांबत नाही, नजरेआड होते एवढंच. पावसाचं पाणी मुरत नाही, मातीतून वर आलेली गांडुळं फरशीवर उन्हात वाळतात. आणि काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे दोन-तीन वर्षांत ठोकळे वरखाली होतात आणि पुन्हा खोदकाम निघतं.

तरीही निर्णय होत नव्हता. तो झाला एका नातेवाइकांच्या दारात. मुनी महाराजांचा विहार त्या गावावरून होता. त्यांच्याकडे चौका लावला होता आणि आम्ही दोघी मदतीला गेलो होतो. शुद्धीची वस्त्रं नेसून, हातात कलश घेऊन आम्ही पडगाहनाला फाटकाशी उभ्या राहिलो. फाटकापासून ओट्यापर्यंत सलग हिरवळ, पहाटेच पाणी दिलेली. महाराज समोर आले, क्षणभर थांबले. त्यांची नजर पुढच्या चार हात जमिनीवर होती. हिरव्या गवतावर पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा नियम. ते शांतपणे वळले आणि पुढच्या घरी गेले. कुणी कुणाला काही बोललं नाही. त्या घरच्या वहिनींच्या हातातला कलश मात्र बराच वेळ तसाच राहिला. परतीच्या एसटीत सूनबाई म्हणाली, "आई, आपल्याकडे फाटकापासून दारापर्यंत कोरडी वाट ठेवू या."

पुढच्या रविवारी आम्ही नातवाला घेऊन सेवाग्रामला गेलो. आपण पाहुण्यांना दाखवायला तिथं जातो, पण अंगण म्हणून आश्रम कधी पाहत नाही. गांधीजी १९३६ साली तिथं, तेव्हाच्या शेगावात, राहायला आले. त्या वर्षी त्यांनी लावलेला पिंपळ आणि कस्तुरबांनी लावलेली बकुळ आजही सावली देतात. मातीच्या कुट्या, झाडलेली मोकळी जमीन, मोकळी प्रार्थनाभूमी. थंडावा येतो तो झाडांचा, गालिच्याचा नाही. नातू त्या मातीत तासभर खेळला आणि गुडघा फुटला नाही. पिंपळ आपल्या पंच उदुंबरांतला. आपण त्याचं फळ खात नाही, पाखरं मात्र खातात. त्याच्या मुळ्या भिंती फोडतात, म्हणून लहान प्लॉटमध्ये तो नको. बकुळ मात्र जमते. हळू वाढते, बारमाही हिरवी असते, सावली दाट. आपल्या शास्त्रांत नमिनाथ भगवंतांचा वृक्ष बकुळच सांगितला आहे.

आता समोरच्या अंगणाबद्दल. फाटकापासून ओट्यापर्यंत सहा फूट रुंद वाट केली, म्हणजे साधारण चार हात. खाली मुरूम दाबला, वर सपाट फरशी, सिमेंट न भरता. जमीन फुगली तरी फरशी उचलून पुन्हा सारखी करता येते आणि पाणीही मुरतं. वाटेला थोडा उतार दिला आणि तिच्या आसपास नळ ठेवला नाही. कारण शेवाळ. ते अनंतकाय आहे. एकदा धरलं की तुडवणंही हिंसा आणि खरवडणंही हिंसा. म्हणून ते धरूच नये अशी रचना आधीच करायची. ऊन, उतार आणि कोरडेपणा, एवढं पुरतं.

पश्चिमेच्या उन्हासाठी एका कोपऱ्यात कडुनिंब लावला, भिंतीपासून पंधरा फुटांवर. त्याची पानगळ उन्हाळ्याच्या तोंडाशी होते आणि ऐन तापायच्या वेळी नवी पालवी येऊन सावली तयार असते. दुसऱ्या कोपऱ्यात बकुळ. मधली एक बाजू मातीची, नातवाला खेळायला आणि सासूबाईंच्या सड्याला. दुसरी बाजू पूर्ण उघडी, वाळवणाला. चातुर्मासात पालेभाजी बंद असते, तेव्हा मुगाच्या वड्या नि पापड या अंगणातूनच येतात. वाळवणाला जागा न ठेवणारं अंगण आपल्या घराला परवडत नाही.

मागच्या परसात दोडकी, कारली, तोंडली यांचा मांडव, एक शेवगा, एक लिंबू, कढीपत्ता आणि दोन केळी. भांडी विसळलेलं पाणी केळीच्या आळ्यात जातं, पण एकाच जागी रोज नाही, आलटून पालटून. पाणी साचलं की त्यात जीव पडतात. पाखरांसाठी मातीचं परळ ठेवलंय, ते रोज संध्याकाळी कोरडं करून पालथं घालतो. पालापाचोळा जाळत नाही, झाडांच्या बुडाशी पसरतो. त्यानं पाणीही कमी लागतं. विषारी फवारणी नाही. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधेनं माणसं दगावली, ते आपण विसरलेलो नाही. वेलीवर चुलीची राख भुरभुरवतो आणि थोडी पानं किड्यांची म्हणून सोडून देतो. परसात शोभेचे दिवे लावले नाहीत. पावसाळ्यात दिव्यावर किती जीव येऊन मरतात, हे रात्रीभोजन सोडलेल्या घराला सांगायला नको.

खड्डे फाल्गुनात खणले. माळी म्हणतात, उन्हात महिनाभर उघडे ठेवा, कीड मरते. आम्ही नेमकं तेच केलं नाही, कारण उघड्या खड्ड्यात सरडे-बेडकंही पडतात. नीट पाहून त्याच दिवशी माती परत भरली, मृगाच्या पावसावर रोपं लावली आणि चातुर्मास लागायच्या आत कुदळ माळ्यावर टाकली. समंतभद्र आचार्यांनी हिंसादानात कुदळीसारख्या अवजाराचंही नाव घेतलं आहे, तेव्हा ती चार महिने कुणाला द्यायचीही नाही.

एका गोष्टीवर मात्र आमच्यात अजून एकमत नाही. शेजारच्या काकूंनी वायगावच्या हळदीचे गड्डे दिले होते. ही आपल्याच जिल्ह्यातली हळद, २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पानं सुंदर असतात. पण ओली हळद कंदमूळ, म्हणून मी गड्डे परत केले. सूनबाईनं विचारलं, "आपण वाळलेली हळद विकत आणतो, तीही कुणीतरी खणूनच काढली ना?" हो, खणूनच काढली. याचं गोड उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच म्हणाले, की म्हणून ती चिमटीनं घालायची, मुठीनं नाही.

ज्यांचं घर नवं आहे, त्यांना एकच सुचवते. माळ्याला बोलावण्याआधी एका सकाळी फाटकातून आत चालत या, नजर चार हात पुढे जमिनीवर ठेवून. कुठे ओल आहे, कुठे मुंग्यांची रांग आहे, कुठे ऊन पोचत नाही, ते दिसेल. मग ज्याचं कारण सांगता येईल तेवढंच खणा आणि तेवढंच लावा. तुमच्या परसात काय आहे, तेही जरूर कळवा.

जय जिनेंद्र.