तोरण्याच्या पायथ्याशी गेमिंग

पुणेकर वेल्ह्याला जातात ते तोरण्यासाठी. (तालुक्याचं नाव आता राजगड, तोंडात मात्र वेल्हेच!) मी या पावसाळ्यात गेले ती आतेभावाच्या गेमिंग पीसीची यादी घेऊन. बजेट म्हणजे घरच्या इंद्रायणी तांदळाचे पैसे.

त्याला आधी ग्राफिक्स कार्ड हवं होतं. पुण्यात मीही निम्मे पैसे कार्डावरच लावले असते. पण इथे पाऊस झोडपायला लागला की लाईट जाते, आणि येते ती कमी-जास्त दाबाने. म्हणून पहिला नंबर ५५० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसचा. कॅबिनेटसोबत फुकट मिळतो तो? नकोच, जाताना मदरबोर्डलाही घेऊन जायचा.

"मग खेळू कशावर, ताई?"

प्रोसेसर रायझन ५ ५६००जी. ग्राफिक्स त्यातच असतं, 'व्हॅलोरंट' मस्तपैकी चालतो. रॅम १६ जीबी, पण ८-८च्या दोन स्टिक, कारण हे ग्राफिक्स रॅममधलीच जागा वापरतं आणि दोन स्टिकनी त्याचा वेग चांगलाच वाढतो. कार्ड पुढच्या सुगीनंतर.

यूपीएस मात्र भोरमधून. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावीच लागते, दुकान जवळ बरं. आत्याचा प्रश्न एकच: "त्याच्यावर टीव्ही चालंल का रं?"