बारा आण्यांचा हिशेब

धारेला जोर नाही. मोटर व्यवस्थित घोंगावते, पाणीही येतं, पण धार मध्येच ताठ होते आणि मध्येच मान टाकते. शिवाय पंपाच्या बुडाशी थेंब थेंब गळती. घरगुती प्रेशर वॉशरच्या दुखण्यांतलं हे नेहमीचं दुखणं. नळी जोडतो त्या तोंडाशी एक बारीक जाळी असते, ती तुंबलेली असू शकते. पंपात हवा अडकलेली असू शकते. तेव्हा मशीन बंद ठेवून नळ सोडायचा आणि ट्रिगर दाबून धरायचा, फुसफुस थांबून पाणी एकसारखं येऊ लागलं की झालं. एवढं कुणीही घरबसल्या करतो. तेवढं करूनही धार मान टाकतेच, तेव्हा पंप खोलावा लागतो.

आत गूढ असं काही नाही. मोटरच्या टोकाला एक तिरकी चकती असते. ती फिरते तसे तीन छोटे पिस्टन आळीपाळीने दाबले जातात आणि स्प्रिंगच्या जोराने परत येतात. प्रत्येक पिस्टनभोवती रबराचं सील, आणि पाणी उलटं फिरू नये म्हणून इवलेसे व्हॉल्व्ह. एवढ्या ऐवजावर नळाच्या पाण्याचा दाब शंभर बारच्या पुढे जातो, तेही मिनिटाला सहा-सात लिटर पाण्यात. बोअरच्या पाण्यातला क्षार व्हॉल्व्हवर बसला की तो पुरता मिटत नाही. यंत्र पाण्यावाचून चाललं की सील तापून कडक होतं. प्रस्तुत लेखकाला दुकानाच्या काउंटरवर जे सील दाखवण्यात आलं, त्याच्या आतल्या कडेला केसासारखी बारीक चीर होती. उजेडासमोर धरून थोडं ताणलं तेव्हा कुठे दिसली. बाकी पंप शाबूत.

"साहेब, सील सुटं येत नाही," मेकॅनिक म्हणाला. "पंपाची असेंब्लीच घ्यावी लागते." असेंब्लीचा भाव सांगितला, मजुरी सांगितली आणि मग स्वतःच म्हणाला, "त्यात थोडे घातले तर नवीनच येईल."

अशा वेळी मराठी माणसाच्या तोंडी म्हण येते ती एकच: चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ती म्हटली की विषय मिटतो. नवं यंत्र येतं, जुनं माळ्यावर जातं.

या म्हणीचा हिशेब तपासायला मात्र कुणी बसत नाही. चार आणि बारा मिळून सोळा, म्हणजे बरोबर एक रुपया. ज्याने कुणी ती रचली त्याने रुपया मोडून एक वाटा पक्ष्याला दिला आणि तीन वाटे चवीला. हे बाजारभावावरून आलं की केवळ बेरीज जमते म्हणून? १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि आणे कागदोपत्री गेले, तरी पंचवीस पैशांना लोक चार आणेच म्हणत राहिले. ३० जून २०११ नंतर ते नाणंही चलनातून गेलं. कोंबडी, मसाला, आणे, सगळ्यांचे भाव बदलले. म्हणीतला निकाल तेवढा तसाच आहे.

आणि तो निकाल संशयास्पद आहे, कारण एका कोंबडीपुरता मसाला करतं कोण? कोल्हापूरकडे उन्हाळ्यात वर्षाची चटणी होते. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, देठं खुडून कडक उन्हात वाळवलेली. धणे, तीळ, खोबरं, गरम मसाला तेलावर परतून घ्यायचा, कांदा-लसूण घालायचा, डंकावर नंबर लावायचा, आणि शिंकत शिंकत डबा घरी आणायचा. बरणीत दाबून भरलेली ती चटणी मग वर्षभर आमटीत, वांग्यात, मटकीच्या उसळीत पडते. कोंबडी एका दुपारीत संपते. तेव्हा बारा आण्यांतले खरोखर तिच्या नावावर मांडायचे किती? एक आणा? तोही जास्त होईल. बरं, कोल्हापुरात पंगतीतून उठलेला माणूस रश्श्याबद्दल बोलतो, तंगडीबद्दल नाही. म्हणजे रुपयातले तीन वाटे जिथे गेले तिथेच जेवणाची किंमत होती, असंही कुणी म्हणेल. म्हणीने कोंबडीला मुद्दल आणि मसाल्याला उधळपट्टी ठरवलं ते कुठल्या न्यायाने, हे लेखकाला कळत नाही. रचणारा बहुधा पैसे देणारा असावा, रांधणारा नव्हे.

खरी गोची वेगळीच आहे. म्हणीच्या काळी कोंबडी एकाकडून यायची, मसाला दुसऱ्याकडून. आता यंत्र विकणारा आणि सुटा भाग विकणारा एकच. मसाला बारा आण्याचा करायचा की दोन आण्याचा, हे कोंबडीवालाच ठरवतो, आणि त्याला दुसरी कोंबडीही विकायची असतेच.

फ्रान्सने हे गणित सरळ नियमांत घातलं. १ जानेवारी २०२१ पासून तिथे ठरावीक वस्तूंवर दुरुस्तीच्या सोयीचे दहापैकी गुण छापावे लागतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हॅक्यूम क्लीनर आणि डिशवॉशर यांच्या जोडीने प्रेशर वॉशरही त्या यादीत आला. माहिती मिळते का, यंत्र सहज खोलता येतं का, सुटे भाग मिळतात का, हे निकष आहेतच. पण सुट्या भागाची किंमत मूळ वस्तूच्या किमतीच्या मानाने किती, यालाही स्वतंत्र गुण आहेत. आपल्या म्हणीला तिथे सरकारी शिक्का मिळाला म्हणायचा. भारतातही २०२२ मध्येच केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात पोर्टल सुरू झालं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, गृहोपयोगी यंत्रं आणि वाहनं ही त्यातली मुख्य क्षेत्रं. काउंटरवरच्या त्या सीलपर्यंत याचं काही पोचलेलं दिसत नाही.

इथवर लेखक दुरुस्तीच्या बाजूने उभा होता. पण दुसरी बाजूही अगदीच पोकळ नाही. आल्फ्रेड केर्शर यांचं युरोपातलं पहिलं गरम पाण्याचं हाय-प्रेशर यंत्र १९५० चं. ते धंदेवाइकांच्या कामाचं होतं. हातात उचलून नेण्याजोगं 'एचडी ५५५' त्याच कंपनीने १९८४ मध्ये काढलं आणि मग कुठे हा प्रकार घराच्या अंगणात शिरला. घरात शिरायचं तर वजन आणि किंमत उतरवावी लागते. पितळेच्या जागी ॲल्युमिनियम किंवा प्लॅस्टिक येतं, संथ इंडक्शन मोटरच्या जागी हलकी, कर्कश, कार्बन ब्रशवाली मोटर येते. पितळी पंपाचं, सगळे स्क्रू सुटणारं दणकट मशीन आजही मिळतं. गाड्या धुणाऱ्यांकडे तेच असतं. पावसाळ्यानंतर शेवाळ काढायला आणि दिवाळीआधी जाळीचा दरवाजा धुवायला तेवढी किंमत किती घरं मोजतील? स्वस्त यंत्राने फसवलं म्हणावं, तर ते स्वस्त होतं म्हणूनच घरात आलं, हेही विसरता येत नाही.

त्यात मेकॅनिकने आणखी एक फाटा फोडला. सील कंपनीकडून सुटं येत नाही हे खरं, पण आतला-बाहेरचा व्यास आणि जाडी मोजून मापाचं सील शोधता येतं, मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर तर असल्या मालाच्या दुकानांची रांगच आहे. "आणून बसवून देतो," तो म्हणाला, "पण वेळ जाईल, आणि गॅरंटी नाही." वेळेचे किती, असं विचारल्यावर त्याने जो आकडा सांगितला तो सीलच्या किमतीच्या कितीतरी पट होता.

लेखकाच्या तोंडून नकळत "एवढे?" असं निघून गेलं.

मेकॅनिकने पंप पालथा केला आणि स्क्रू मोजून दाखवायला लागला. त्यातले दोन गंजलेले होते, एकाचं डोकं घासलेलं. ते निघाले नाहीत तर ड्रिल मारावं लागणार, ड्रिल मारताना हाउसिंगला तडा गेला तर जबाबदारी कुणाची, हे त्याला आधी ठरवून हवं होतं. मागणी रास्त होती. असेंब्ली विकली असती तर त्याचं काम लवकर उरकलं असतं, वर कमिशनही असतं आणि कुणी "एवढे?" म्हणालं नसतं. कंपनीने सुटे भाग स्वस्त करावेत, असं ज्या तावातावाने वाटतं, त्याच तावाने दुरुस्ती करणाऱ्याच्या हाताला जास्त मजुरी द्यावी असं वाटतं का, याचं उत्तर लेखकाने स्वतःला दिलेलं नाही. तडा गेल्यास नुकसान निम्मं निम्मं, इतपत बोलणं झालं. मजुरीचं अजून व्हायचंय.