मांडवाचे खड्डे

काल सकाळी पावणेसहाला मैदानावर गेलो होतो. बातमी काहीच नव्हती, खरं तर म्हणूनच गेलो. वीस वर्षं झाली या धंद्यात, खेळाची बातमी आमच्याकडं येते ती ढाल हातात धरलेल्या फोटोसोबत. हरल्यावर कुणी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवत नाही. सराव तर कुणाच्या गावीच नसतो.

चुडाव्यातल्या आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या कॉलेजच्या अकरा पोरी सध्या रोज पहाटे खो-खोचा सराव करायल्यात. स्पर्धा पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आगेमागे. मग एप्रिलच्या उन्हात आत्ताच कशाला पळायचं? त्यांना शिकवणारे दादा स्वतः जुने खेळाडू, आता खताच्या दुकानात कामाला. ते म्हणाले, "सर, पाऊस लागला की इथं चिखल. मग अॅडमिशन, मग गणपती. सप्टेंबरात दम करायला घेतला तर स्पर्धा निघून जाते. दम उन्हाळ्यातच कमवावा लागतो."

अमेरिकेत कॉलेजांचं फुटबॉल असतं. आपलं नाही, ते शिरस्त्राण घालून धडका मारायचं. त्यांचा हंगाम ऑगस्टअखेर सुरू होतो, पण संघ बांधायला घेतात वसंतात. त्या सरावाचे 15 दिवस नियमानं ठरलेले आहेत आणि शेवटच्या दिवशीचा आपसातला सामना बघायला हजारो माणसं जमतात. आमच्याकडं काल बघायला मी होतो आणि दोन कुत्री.

पण सराव बघण्यासारखा होता. आठ जणी पाटीवर बसलेल्या, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. बसल्या जागेवरून उठायचं कसं, यावरच अर्धा तास गेला. खो मिळाल्यावर पहिलं पाऊल जिकडं पडेल तिकडंच जायचं, मागं वळता येत नाही. हा नियम लहानपणी आपण सगळ्यांनी मोडलेला आहे. नंतर खांब. धावत येऊन एका हातानं खांब धरायचा, अंग पूर्ण बाहेर झोकून द्यायचं आणि पलीकडून निसटणाऱ्या पळतीच्या पोरीला दुसऱ्या हातानं टिपायचं. एक पोरगी हे लागोपाठ चाळीस वेळा करत होती. मी मोजलं. तळहात सोलला होता, वरून हळदीनं पिवळा. घरची हळद शिजवायला चालू आहे, रात्री कढईपाशी आणि पहाटे इथं. बाकीच्या चिडवतात, "हळद लागली का गं?" ती म्हणते, "शेतातली लागली."

ही चेष्टा अगदीच चेष्टा नाही. तिला स्थळ आलंय. मुलगा पुण्यात कंपनीत आहे, माणसं चांगली आहेत. ती बी. ए. दुसऱ्या वर्षाला. दादांचं सगळं गणित तिच्या खांबावर आहे. आधी आंतर-महाविद्यालयीन जिंकायचं. मग स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या संघात निवड; नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली अशा चार जिल्ह्यांतून. तिथून पश्चिम विभाग. त्यात पहिल्या चारांत आलं तर अखिल भारतीय. तिचे वडील बांधावर भेटले तेव्हा म्हणाले, "खेळून काय होतं हो, सर?" मी धाराशिवच्या सारिका काळेचं सांगितलं. घरात एका वेळच्या जेवणाची मारामार, तरी 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताची कर्णधार, सुवर्णपदक, 2020 ला अर्जुन पुरस्कार, पुढं क्रीडा अधिकारी. 2025 च्या 19 जानेवारीला दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक आपल्या पोरींनी नेपाळला 78-40 हरवून जिंकला, कर्णधार प्रियंका इंगळे, महाराष्ट्राचीच. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, हेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती पोरी खेळतात, अन् किती जणींचं असं झालं?" मला उत्तर देता आलं नाही. प्रश्न बापाचा होता आणि बरोबर होता.

या पोस्टला फोटो का नाही, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका संघाचा फोटो मी छापून आणला होता. मोठा, रंगीत, पोरी खेळाच्या कपड्यांत. मला वाटलं केवढं चांगलं काम केलं. आठ दिवसांनी त्यातल्या एकीचे मामा तो अंक घडी करून माझ्याकडं घेऊन आले. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरीचे पाय पेपरात दिसायलेत, पाहुणे विचारायलेत." ती पोरगी पुन्हा मैदानावर दिसली नाही. मामांना चार शब्द सुनवायला हवे होते असं नंतर कितीदा वाटलं. पण तो फोटो छापण्याआधी मी तरी कुठं कुणा पोरीला विचारलं होतं? काल मी विचारलं. ती खांबवाली म्हणाली, "आत्ता नको सर. दिवाळीनंतर ढालीसकट काढा."

स्थळाचं काय ते तिच्या घरचे आणि ती बघतील. वडिलांनी "दिवाळीपर्यंत थांबा असं कळवून बघतो" म्हटलंय. पाहुणे थांबतील की नाही, सांगता येत नाही.

माझं सांगणं वेगळंच आहे, आणि ते गावासाठी आहे. मैदानावर लग्नाचे मांडव पडतात. पडू द्या, जागा सगळ्यांची आहे. पण मांडव निघाल्यावर खांबांचे खड्डे तसेच राहतात. काल मी सतरा मोजले. त्यातला एक बरोबर पळतीच्या वाटेवर, घोटाभर खोल. मागच्या आठवड्यात एकीचा पाय त्यात मुरगळला, ती अजून बसून आहे. अकरातल्या दहाच पळतायत. शिवाय खिळे, तारा, पत्रावळीच्या काड्या. पोरींचा पहिला पाव तास रोज हे वेचण्यात जातो.

मांडववाल्या भावांना विनंती, डांब उपटला की तिथंच दोन पाट्या माती टाकून पायानं दाबा. यजमानांनी शेवटचे पैसे द्यायच्या आधी एक चक्कर मारून बघावं. ज्यांच्याकडं ट्रॅक्टर आहे त्यांनी एक ट्रॉली मुरूम टाकला तर सगळंच सपाट होईल. डिझेलचं आपण चार जण मिळून बघू. शनिवारी सकाळी सहाला मी तिथं आहे. फावडी दोन आहेत, घमेलं एकच. येताना घमेलं आणा.