अक्षर आणि संकेत

आमच्या घरच्या छापखान्यात जुळारी शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ बांधीत, तेव्हा ‘म’ हा ‘म’च असे, त्याचा देह आणि त्याची ओळख यांत अंतर पडण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. पुढे संगणक आले, अक्षराची संख्या झाली, आणि रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविलेल्या त्या काळच्या टंकांमुळे, दुसऱ्या कचेरीतून परिश्रमपूर्वक तयार होऊन आलेला मसुदा, तोच टंक आपल्या यंत्रावर नसेल तर, निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन समोर येई. १९९१ साली निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला हक्काचे स्थान मिळाले. युनिकोड आमच्या कामात रुळले तेव्हाचा आनंद मला अजून आठवतो.

पुढे मोबाइल ॲपच्या कामात तेच अरिष्ट वेगळ्या वाटेने आले. सर्व्हरने ‘मराठी’ हा शब्द बिनचूक पाठविलेला. युनिकोडच्या यूटीएफ-८ या संकेताच्या नियमाने त्याच्या पाच चिन्हांचे, प्रत्येकी तीन याप्रमाणे, पंधरा बाइट अँड्रॉइड फोनपर्यंत सुखरूप पोचलेले. आणि तरीही पडद्यावर एकट्या ‘म’च्या जागी स्वराघाताचा रोमन ‘ए’, एक चलनचिन्ह आणि वर्तुळातला ‘आर’ असे तीन परके बसलेले. प्रतिसादाच्या हेडरमध्ये चारसेटची, म्हणजे बाइट कोणत्या संकेताने वाचायचे याची, नोंद नव्हती, आणि अशी नोंद नसली की प्रतिसाद आणणारी व्हॉली ही लायब्ररी साधा मजकूर वाचताना आयएसओ-८८५९-१ हा जुना रोमन संकेत गृहीत धरते. एचटीटीपीच्या १९९९ च्या संहितेत तसा दंडकच होता. २०१४ मध्ये तो रद्द झाला, तरी त्याचा अंमल जुन्या कोडात चालूच राहिला.

दुरुस्ती वाचनाच्या जागीच व्हावी, असे माझे ठाम मत आहे. प्रतिसादाचे बाइट हाती येतात तेथेच ते यूटीएफ-८ म्हणून वाचावेत. आयएसओ-८८५९-१ मध्ये २५६ही मूल्यांना स्थान असल्याने बिघडलेला मजकूर उलट फिरवून मूळ बाइट परत मिळविता येतात, हे खरे. परंतु तसे करण्यापूर्वी तो डेटाबेसात जमा झाला, तर विकृतीलाच दस्तऐवजाचा दर्जा मिळतो, आणि एखाद्या माणसाचे नाव त्याच्याच खात्यावर त्याला ओळखू येत नाही. हा अन्याय मला क्षुल्लक वाटत नाही.

म्हणून सर्व्हर लिहिणाऱ्यांना विनंती, की चारसेट प्रत्येक प्रतिसादात घोषित करावा, आणि चाचणीसाठी देवनागरीत लिहिलेली नावेही घ्यावीत. साधी रोमन अक्षरे दोन्ही संकेतांत सारखीच असल्यामुळे हा दोष ती कधीच उघडकीस आणीत नाहीत.