कान्हेरीचा पावसाळा

श्रावणातील एखाद्या सकाळी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आपण अवश्य जावे. मात्र सोमवारी उद्यान बंद असते. प्रवेशद्वारापासून सहा-सात किलोमीटर आत कान्हेरीची लेणी आहेत. कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर, यावरून हे नाव आले. या बेसॉल्टमध्ये शंभराहून अधिक लेणी सुमारे हजार वर्षांच्या काळात कोरली गेली.

चैत्यगृहातील स्तूपापुढे हात जोडून झाले, की पाणीही पाहावे. कातळात खोदलेल्या पन्हळींतून पावसाचे पाणी विहारांलगतच्या टाक्यांत उतरते. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. ती खोदवून देणे हे पुण्यदान मानले जाई. पावसाळ्यात भिक्षूंनी भ्रमंती थांबवून एके ठिकाणी राहावे, हा वर्षावासाचा नियम. आपल्या घरांतील चातुर्मास त्याच जातकुळीचा: मिताहार, संयम आणि चिंतन.

लोकलच्या वेळापत्रकावर जगणाऱ्या आपल्याला ऋतूनुसार चाल मंद करण्याची सवय उरलेली नाही. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांच्या गुडघ्यांना या पायऱ्या झेपतात, तोवरच त्यांना येथे आणावे. शेवाळलेल्या कातळावर त्यांचा हात धरावा, थोड्याथोड्या चढानंतर त्यांना बसवावे आणि त्यांच्या बालपणीच्या श्रावणाविषयी विचारावे. पुढच्या पावसाळ्यातही कातळ असेल, टाकी भरतील. त्या आठवणी सांगणारा आवाज सोबत असेलच, असे नाही.