राळेगणसिद्धी ते वांद्रे-कुर्ला संकुल : दोघांच्या व्हिसाची वाट

पुणे–अहिल्यानगर महामार्गावरील वाडेगव्हाणहून आत वळणारा रस्ता पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीला जातो, आणि 1975 नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने तेथे झालेले नालाबांध व पाझर तलाव पाहण्यासाठी देशोदेशीचे अभ्यासक व्हिसा काढून याच रस्त्याने गावात येत राहिले आहेत. आता उलट दिशेचा प्रवासही या परिसराला अनोळखी राहिलेला नाही. एका बाजूला सुपे आणि दुसऱ्या बाजूला रांजणगाव येथील औद्योगिक वसाहतींत परदेशी भांडवलाचे कारखाने उभे राहिल्यापासून कोणाला प्रशिक्षणासाठी, कोणाला नव्या यंत्राच्या तपासणीसाठी मूळ कंपनीच्या देशात जाण्याचा योग येतो, आणि घरात आनंदाच्या पाठोपाठ प्रश्न उभा राहतो तो बायकोला सोबत नेता येईल का, किंवा जाणारी पत्नी असेल तर नवऱ्याला सोबत जाता येईल का, हा.

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा होकारार्थी असते. मात्र त्यामागची कायद्याची रचना घरच्या समजुतीपेक्षा निराळी आहे. व्हिसा म्हणजे एखाद्या देशात ठरावीक कारणासाठी प्रवेश मागण्याकरिता त्या देशाने पासपोर्टधारकाला आधीच दिलेली परवानगी होय, आणि ती व्यक्तीला मिळते, कुटुंबाला नव्हे. नोकरीसाठी दीर्घ मुक्कामाचा व्हिसा असेल तर अनेक देश जोडीदारासाठी त्याला जोडलेला वेगळा वर्ग ठेवतात : अमेरिकेत एच-1बी धारकाच्या जोडीदाराला एच-4 आणि कंपनीअंतर्गत बदलीवर जाणाऱ्या एल-1 धारकाच्या जोडीदाराला एल-2 हा व्हिसा मिळतो, तर जपानमध्ये कुटुंबीय म्हणून राहणाऱ्या जोडीदाराला वेगळी परवानगी घेतल्यास आठवड्याला 28 तासांपर्यंत कामही करता येते. परंतु दोन-चार आठवड्यांच्या कामासाठी मिळणाऱ्या अल्प मुदतीच्या व्हिसात ‘सोबत’ असा वर्गच सहसा नसतो. अमेरिकेला जाणारा नवरा बी-1 या व्यावसायिक भेटीच्या वर्गात बसतो आणि पत्नी बी-2 या पर्यटकाच्या वर्गात. युरोपातील शेंगेन देशांत, म्हणजे सामाईक व्हिसा चालणाऱ्या देशांच्या गटात, दोघांनाही कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येते, पण अर्ज, शुल्क, विमा आणि निर्णय हे सारे प्रत्येकाचे स्वतंत्र असते. म्हणून या प्रवासाची तयारी पत्नीच्या स्वतःच्या कागदांपासून सुरू झाली पाहिजे; नवऱ्याची फाइल पूर्ण झाल्यावर तिची कागदपत्रे मागाहून जोडण्याची जी रीत घरोघर दिसते, तीच पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ असते.

त्यामुळे प्रवासाचा पहिला मुक्काम विमानतळाच्या कितीतरी आधी, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात पडतो. राळेगणसिद्धीने लग्नाचा खर्च आणि त्यापायी होणारे कर्ज टाळण्यासाठी सामुदायिक विवाहाची पद्धत स्वीकारली होती, आणि ती या गावाच्या सामाजिक कामातील सर्वांत मोलाच्या गोष्टींपैकी एक मानली पाहिजे. एकाच मांडवात, गावाच्या साक्षीने लागलेल्या लग्नाला परिसरात कोणी पुरावा विचारत नाही. परदेशी वकिलातीतील अधिकाऱ्यापुढे मात्र गावाची साक्ष पोहोचत नाही, आणि अनेक जोडप्यांची नावे असलेली लग्नपत्रिका किंवा गर्दीतला फोटो फार तर पूरक पुरावा ठरतो. मुख्य कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये सीमा विरुद्ध अश्वनीकुमार या खटल्यात सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचा आदेश राज्यांना दिला. महाराष्ट्रात त्याआधीच 1998 चा विवाह नोंदणीचा कायदा होता, आणि त्यानुसार खेड्यात निबंधकाचे काम ग्रामसेवकाकडे, म्हणजे आता ज्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्याच्याकडे, असते. वर-वधू, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे पुरोहित यांच्या सह्यांचा अर्ज, दोघांच्या वयाचे व रहिवासाचे पुरावे आणि लग्नपत्रिका यांच्या आधारे नोंद होते. लग्नाला वर्षे उलटली असली तरी विलंब शुल्क भरून ती करता येते. लग्न लावणारे गुरुजी वारलेले असणे, साक्षीदार दुसऱ्या गावी गेलेले असणे अशा अडचणी उशिरा नोंद करणाऱ्यांनाच येतात, म्हणून लग्नानंतर लगेच ही नोंद करून ठेवणे हेच शहाणपणाचे.

दाखल्याहून अधिक वेळ खाणारी गोष्ट म्हणजे नाव. मराठी घरात मुलीच्या नावापुढे वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव असते, लग्नानंतर तेथे नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव येते, आणि काही घरांत तर तिचे पहिले नावही बदलले जाते. परिणामी शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावाचा, आधार कार्ड सासरच्या नावाचे आणि बँकेचे खाते तिसऱ्याच स्पेलिंगचे, असे एकाच बाईचे तीन कागद व्हिसा अधिकाऱ्यापुढे तीन बायका म्हणून उभे राहतात. कागदांतील हा फरक राजपत्रात नाव बदलाची नोंद प्रसिद्ध करून, किंवा दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीपुढे करून जुळवता येतो. पण लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही, आणि जिचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे तिने तो तसाच ठेवून विवाह नोंदणीच्या दाखल्याने नाते सिद्ध केले तरी चालते. हे स्वातंत्र्य फार थोड्या बायकांपर्यंत पोहोचलेले आहे, आणि ते पोहोचवण्याची जबाबदारी घरातल्या शिकलेल्या माणसांची आहे.

पुढचा टप्पा सुप्यावरून, केडगावमार्गे अहिल्यानगरच्या टपाल कार्यालयातील पासपोर्ट केंद्राचा. पूर्वी या जिल्ह्यातील माणसाला पासपोर्टसाठी पुणे गाठावे लागे. टपाल खात्यात केंद्रे सुरू झाल्यापासून ती फेरी वाचली आहे. दहा वर्षे चालणाऱ्या 36 पानी पासपोर्टचे साधे शुल्क 1500 रुपये आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा येऊ शकतो. त्याचा अर्थ असा की आखाती देशांसह काही ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना उत्प्रवास अधिकाऱ्याची मंजुरी लागते. नवऱ्यासोबत पर्यटक म्हणून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या पत्नीला या शेऱ्याने अडचण येत नाही, तरी आठवी-नववीत शाळा सुटलेल्या कितीतरी बायका त्या तीन अक्षरांना धास्तावून बेत सोडून देतात. पोलीस पडताळणी झाली की पासपोर्ट स्पीड पोस्टने घरी येतो.

पैशाचा पुरावा हा यापुढचा भाग. नवऱ्याचा खर्च कंपनी करते आणि तसे निमंत्रणपत्रात लिहिलेले असते. पत्नीचा खर्च कोण करणार हे मात्र त्या पत्रात आपोआप येत नाही, म्हणून कंपनीकडून तिचे नाव, पासपोर्ट क्रमांक आणि ‘सोबत येत असून खर्च कर्मचारी स्वतः करील’ असा उल्लेख असलेले वेगळे पत्र मागून घ्यावे लागते. त्यासोबत बँकेचे उतारे आणि प्राप्तिकराची विवरणपत्रे लागतात. येथे शेतकरी घराची खरी पंचाईत होते, कारण शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त असल्याने केवळ शेती सांभाळणाऱ्या पत्नीकडे विवरणपत्र नसतेच. तिच्या नावावरचा सातबारा, नेप्तीच्या बाजारात विकलेल्या कांद्याची आडत्याने दिलेली हिशोबपट्टी आणि त्याच रकमेची बँकेत झालेली जमा, असे तीन कागद एकमेकांशी जुळवून लावले तर तिचे उत्पन्न कोणालाही कळेल असे मांडता येते. पट्टीवर गोण्यांची संख्या, वजन, भाव, हमाली-तोलाईची कपात आणि हाती आलेली रक्कम ओळीने लिहिलेली असते. तिचे इंग्रजी भाषांतर करून जोडले तर तो पुरावा पगाराच्या पावतीइतकाच बोलका होतो. शिवाय मायदेशी परतण्याचे कारणही त्यातच दिसते, आणि अमेरिकेचा कायदा पर्यटक व्हिसाच्या अर्जदाराकडे तो तेथेच राहू पाहतो असे गृहीत धरूनच पाहत असल्याने जमीन, उभे पीक आणि घरची माणसे यांचा पुरावा तिच्याच बाजूने वजन टाकतो.

कागद तयार झाल्यावर रस्ता पुण्याकडे वळतो. वाडेगव्हाण सोडल्यावर घोड नदीचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो आणि शिरूर लागते; पुढे रांजणगावचा महागणपती आणि त्याच्या आसपासचे कारखाने, मग शिक्रापूर, कोरेगाव भीमा, वाघोली अशी वाढत जाणारी वाहतूक प्रवाशाला शहराच्या हवाली करते. काही देशांचे अर्ज पुण्यातच स्वीकारले जातात. अमेरिकेसाठी मात्र खंडाळ्याचा घाट उतरून मुंबई गाठावी लागते. याच मुंबईतून 1913 मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठाकडे निघाले तेव्हा रमाबाई मागेच राहिल्या. त्याआधी, 1883 मध्ये, आनंदीबाई जोशी कोलकात्याहून नवऱ्याशिवाय अमेरिकेला गेल्या आणि गोपाळराव नंतर तिकडे पोहोचले. त्या काळी व्हिसाचा अडसर नव्हता. आड आला तो पैसा आणि संसाराची ओढाताण. पासपोर्ट आणि व्हिसाची आजची सक्ती पहिल्या महायुद्धानंतर रुळली, आणि त्यानंतरही बराच काळ पत्नीचे नाव व फोटो अनेकदा नवऱ्याच्याच पासपोर्टवर असे, आणि त्या पासपोर्टवर तिला एकटीने प्रवास करता येत नसे. आज तिचा अर्ज स्वतंत्र आहे; त्यासाठी दुप्पट कागद जमवावे लागत असले तरी ही सुधारणा स्वागतार्हच म्हटली पाहिजे.

अमेरिकेचा वाणिज्य दूतावास 2011 पासून वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. मुलाखतीआधी वेगळ्या केंद्रात फोटो आणि दहाही बोटांचे ठसे घेतात, आणि शेतात राबणाऱ्या बाईची खरी कसोटी अनेकदा येथे लागते. खुरपे धरून, कांदा काटून आणि भांडी घासून तर्जनी व अंगठ्यावरच्या रेषा झिजलेल्या असतात, त्वचेला बारीक भेगा पडलेल्या असतात, आणि काचेवर बोट टेकवले तरी यंत्र ते घेत नाही. मग बोट पुसून, किंचित ओलसर करून, जरा जोर देऊन पुन्हा टेकवावे लागते. दोन आठवडे आधीपासून हातांना तेल किंवा मलम लावणे आणि त्या काळात निंदणी-काटणी टाळणे हा यावरचा साधा उपाय आहे. तरी जमेना तर कर्मचाऱ्याला कामाचे स्वरूप सांगण्यात संकोच करू नये. मुलाखत मराठीतूनही देता येते. नवरा शेजारी असला तरी पत्नीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पत्नीनेच द्यावे : कुठे जाणार, किती दिवस, नवरा कामावर असताना काय करणार, घरी मुले व गुरे कोण पाहणार. ही उत्तरे तिला पाठ करायला लावण्यापेक्षा प्रवासाचा आराखडा दोघांनी मिळून ठरवलेला असेल तर ती आपसूक येतात.

पासपोर्ट परत मिळाल्यावर दोघांचे व्हिसा शेजारी ठेवून ताडून पाहिले पाहिजेत : नावाचे स्पेलिंग, पासपोर्ट क्रमांक, सुरुवातीची व शेवटची तारीख, परवानगीचे दिवस आणि प्रवेशांची संख्या. शेंगेन देशांत नवऱ्याला अनेक प्रवेशांचा आणि पत्नीला एकाच प्रवेशाचा व्हिसा मिळालेला असू शकतो. अशा वेळी कामासाठी त्याला मधेच दोन दिवस लंडनला जावे लागले तर तो परत येऊ शकतो, पण ती त्याच्यासोबत एकदा बाहेर पडली की त्याच व्हिसावर तिला पुन्हा आत येता येत नाही. तेव्हा विमानाची तिकिटे पक्की करताना तिच्या व्हिसाच्या मर्यादेप्रमाणे आखणी करावी, आणि स्पेलिंग किंवा तारखेत चूक दिसली तर निघण्याआधीच, ज्या केंद्रात अर्ज दिला त्याच केंद्राकडे लेखी दुरुस्ती मागावी.