एका पानाची ओळख

अमेरिकेतील विद्यापीठांत ‘सोरोरिटी’ नावाची मुलींची भगिनीमंडळे असतात. नावे ग्रीक अक्षरांची, पुष्कळदा राहायला स्वतंत्र वाडे, आणि सभासदत्व जन्मभराचे. दक्षिणेकडील राज्यांत त्यांचा थाट विशेष. तिथे बहुधा ऑगस्टमध्ये, वर्ग सुरू होण्याच्या सुमारासच नव्या मुलींची निवड चालते. तत्पूर्वी त्या त्या मंडळाच्या माजी सभासद स्त्रियांकडून मुलीने शिफारसपत्रे मिळवावीत, अशी जुनी रीत. शिफारस करणाऱ्या बाईंना मुलगी ठाऊक असतेच असे नाही. म्हणून त्यांच्या हाती द्यावयाचे एक पान तयार करतात. आम्ही उभयता अटलांटाला भावाकडे काही महिने राहिलो, तेव्हा पुतणीच्या अशाच पानाभोवती सारे घर बसले होते.

नोकरीच्या अर्जाहून हे पान निराळे. वर हसरे छायाचित्र, खाली शाळेतील गुणांची सरासरी, खेळ, पदे, पारितोषिके, समाजसेवेचे तास. सारे एकाच पानात, कारण दुसरे पान कोणी उलटत नाही. आम्हांला तर स्थळे पाहताना घरोघर फिरणारे माहितीपत्रकच आठवले! उंची व वर्ण तेवढे लिहीत नाहीत. पण छायाचित्र असतेच. २०१३ साली अलाबामा विद्यापीठातील ‘क्रिम्सन व्हाइट’ या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने, माजी सभासद आड आल्यामुळे एका गुणी कृष्णवर्णीय मुलीस प्रवेश नाकारला गेल्याचे मंडळातील मुलींच्याच तोंडून उघड केले होते. २०२० नंतर अनेक मंडळांनी शिफारशीची सक्ती काढली, आई-आजीच्या सभासदत्वाला मिळणारा मानही काढला. तरी हौशी घरांतून पाने तयार होतातच.

त्या मानाचा रकाना आमच्या पुतणीने कोराच ठेवला. तिच्या आजीला, म्हणजे आमच्या आईला, सहीपुरतेच अक्षर येत होते. कॅथलिक मुलींना हा कोरा रकाना नवा नाही. मिशिगन विद्यापीठात १९१२ साली ‘थीटा फाय आल्फा’ हे मंडळ निघाले ते कॅथलिक मुलींसाठीच, कारण इतरत्र त्यांचे स्वागत सहसा होत नसे. त्याआधी १९०९ मध्ये फादर एडवर्ड केली यांच्या पुढाकाराने तिथे अशीच एक संघटना उभी राहिली होती. सिएनाची संत कॅथरिन या मंडळाची आश्रयदाती. १९६८ साली त्यांनी इतर धर्मांच्या मुलींनाही दार उघडले, हे आम्हांला विशेष भावले.

खरा वाद सेवेच्या तासांवर झाला. आई शेवटची दोन वर्षे अंथरुणाला खिळलेली. शाळेतून आल्यावर तिला भरवणे, कूस बदलणे, संध्याकाळी मराठीतून रोझरी म्हणणे, हे पुतणीच करी. भावाचा आग्रह, ‘ज्येष्ठांची सेवा, सहाशे तास’ असे लिही. पोर म्हणाली, “पप्पा, आजीचे तास मी मोजले नव्हते.” वहिनींचे म्हणणे, बाकीच्या मुली तर याहून कितीतरी लहान गोष्टी लिहितात. तेही खोटे नव्हते. न लिहावे तर पान इतरांपुढे फिके पडणार, लिहावे तर आई हिशेबात जमा होणार. डाव्या-उजव्या हातांची शुभवर्तमानातील शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण ती पाळणाऱ्या मुलीने स्वतःची ओळख कशी द्यावी, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. आमचे मत विचारले गेले, तेव्हा आम्ही मुलीच्या बाजूने उभे राहिलो. भाऊ दोन दिवस फारसे बोलले नाहीत.

अखेर सौभाग्यवतींनी तोड काढली. ‘भाषा’ या रकान्यात पुतणीने ‘मराठी’ एवढाच शब्द वाढविला. मग पाने छापून पाकिटांत गेली, आभाराची पत्रे तिने हाताने लिहिली. धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षिका अशा मंडळाच्या माजी सभासद होत्या. त्यांनी तिला घरी बोलावले आणि पानावरचे मराठी कुठून आले, हे आधी विचारले. पोर तासभर आजीविषयी बोलत बसली. त्यातले शिफारशीत काय उतरले, ते आम्हांस दिसले नाही. ती पत्रे परस्पर मंडळाकडेच जातात.